रक्तातील रक्षक पेशी आणि एचआयव्ही
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक पुष्प मी गुंफावे, असा निरोप कार्यवाहांकडून आला तेव्हा मला संकोच वाटला. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण वाणिज्य शाखेचे. या सभागृहात नामवंत डॉक्टर बसलेले असताना मी रक्तातील पेशींविषयी बोलणे हे धाडसच होय. तरीही हा विषय मी स्वतः मागून घेतला. तो का मागून घेतला ते आधी सांगतो. पुढे जे सांगणार आहे ते जाणकारांकडून तपासून घेतले आहे. भाषेत काही उणे राहिले असेल तर तो दोष माझा.

आमच्या पेढीवर मराठवाड्यातून आलेला एक तरुण अनेक वर्षे कामाला होता. तागे उलगडून दाखविण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. २००५ साली तो महिनोन्महिने तापाने आजारी होता, वजन निम्मे झाले होते. मग हळूहळू सुधारला, पूर्ववत कामाला लागला. मात्र दर महिन्यात एका ठरावीक दिवशी तो अर्ध्या दिवसाची सुट्टी मागू लागला. कारण विचारले की कधी गावाकडचा पाहुणा सांगे, कधी बँकेचे काम. एक दिवस ऐन लग्नसराईत त्याने सुट्टी मागितली आणि मी गिऱ्हाइकांदेखत, सगळ्या नोकरांदेखत त्याला म्हणालो, “दर महिन्याला तुझी ही कसली सुट्टी रे? एकदा काय ते सांगून टाक.” तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याने सुट्टी मागितली नाही. त्या दिवाळीला नियमित हजेरीबद्दल मी त्याला चार लोकांत शाबासकी दिली आणि बक्षिसीही वाढवून दिली.

दीड वर्षाने त्याचे डोके सतत दुखू लागले. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग निघाला. पंधरा दिवसांत तो गेला. ते साल २००९. तेराव्याला गेलो तेव्हा त्याच्या पत्नीने सांगितले, की त्याला एचआयव्हीची बाधा होती. शासकीय केंद्रातून दरमहा मोफत गोळ्या मिळत. त्या गोळ्यांनीच तो बरा झाला होता. सुट्टीचे कारण सांगण्याची वेळ आली, तेव्हा त्याने गोळ्याच सोडल्या. “आता मला काही होत नाही, मी बरा आहे,” असे तो म्हणत असे.

मी परतलो तो एकच प्रश्न घेऊन. जो माणूस डोळ्यांदेखत धडधाकट झाला होता, त्याच्या शरीरात असे काय शिल्लक होते, की गोळ्या बंद होताच तो दोन वर्षेही टिकू नये? या प्रश्नाचे उत्तर आपल्या रक्तातील पेशींच्या वर्तनात आहे. तेच आज मांडण्याचा प्रयत्न करतो.

शरीराची संरक्षण व्यवस्था

आपल्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारणपणे चार ते अकरा हजार श्वेतपेशी असतात. त्यांचे प्रकार निरनिराळे आणि कामेही निरनिराळी. काही पेशी त्वचेत, श्लेष्मल आवरणात आणि अवयवांत दबा धरून बसतात व बाहेरून आलेला जंतू गिळून टाकतात. त्यांना भक्षक पेशी म्हणता येईल. दुसऱ्या आहेत डेंड्रिटिक पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे त्यांचे हात पसरलेले असतात. शत्रूचा तुकडा पकडून तो जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखविणे हे त्यांचे काम. घसा दुखू लागला की मानेला गाठी येतात, तेव्हा त्या गाठींत हाच व्यवहार चाललेला असतो. या पेशींचा शोध लावणारे राल्फ स्टाइनमन यांना २०११ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

लसिकाग्रंथीत लिम्फोसाइट नावाच्या पेशी वाट पाहत असतात. त्यांतील बी-पेशींपासून प्रतिपिंडे निर्माण होतात. प्रतिपिंडे रक्तात फिरत राहून मोकळ्या विषाणूला चिकटतात आणि त्याला निष्प्रभ करतात. टी-पेशींचे मुख्य प्रकार दोन. पृष्ठभागावर सीडी-८ नावाची खूण असलेल्या मारक पेशी बाधित झालेल्या पेशीला शोधून ठार करतात. सीडी-४ ही खूण असलेल्या साहाय्यक पेशी स्वतः फारसे मारत नाहीत. त्या इतरांना कामाला लावतात. बी-पेशींनी उत्तम प्रतिपिंडे करावीत, मारक पेशींची संख्या वाढावी, भक्षक पेशींनी गिळलेला क्षयाचा जंतू आतल्या आत दाबून ठेवावा, या सर्वांसाठी साहाय्यक पेशींकडून रासायनिक संदेश जावे लागतात. मोठ्या पेढीत मुनीम गल्ल्याला हात लावत नाही आणि मालही मोजत नाही, पण तो चार दिवस आला नाही तर सगळा कारभार विस्कळीत होतो. सीडी-४ पेशींचे स्थान तसे आहे. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात.

लढाई संपली की बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या मागे राहतात आणि वर्षानुवर्षे विश्रांती घेतात. या स्मृती-पेशी होत. तोच शत्रू पुन्हा आला तर त्या तत्काळ जाग्या होतात. लहानपणी गोवर झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही, तो यांच्यामुळे. या स्मृती-पेशी कृपया ध्यानात ठेवाव्यात, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर अखेरीस त्यांच्यापाशीच जाऊन थांबते.

विषाणूचे लक्ष्य

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची नोंद प्रसिद्ध झाली. निरोगी माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया त्यांना झाला होता. अशा रुग्णांच्या रक्तात साहाय्यक टी-पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, हे त्याच वर्षी दिसून आले. म्हणजे विषाणू सापडण्याआधी त्याने केलेला विध्वंस सापडला. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या चमूने विषाणू वेगळा केला. त्याबद्दल दोघांना २००८ साली नोबेल मिळाले. आपल्या देशात १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांनी पहिली प्रकरणे उजेडात आणली. त्या मूळच्या गायतोंडे, मराठी घराण्यातील.

हा विषाणू नेमका साहाय्यक पेशींवर का जातो, याचे उत्तर १९८४ साली मिळाले. पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-४ हा रेणू म्हणजेच त्याच्या प्रवेशाचे द्वार होते. परंतु एका द्वाराने भागत नाही, हेही पुढे कळले. १९९६ साली सीसीआर-५ नावाचा दुसरा रेणू सापडला. विषाणू आधी सीडी-४ ला चिकटतो, मग सीसीआर-५ ला, आणि त्यानंतरच आत शिरतो. दाराला दोन कुलुपे असावीत आणि दोन्ही उघडल्याशिवाय आत जाता येऊ नये, असा हा प्रकार.

आत शिरल्यावर विषाणू जे करतो ते वहीखात्याच्या भाषेत मला चटकन समजले. तो आपल्या आनुवंशिक मजकुराची डीएनएमध्ये नक्कल करतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये घुसवून टाकतो. म्हणजे जणू आपल्याच खतावणीत, आपल्याच शाईने, एक खोटी नोंद लिहिली गेली. ती पान फाडल्याशिवाय काढता येत नाही. आणि जुनी वही नव्या वहीत उतरवताना ती नोंदही उतरते.

यात आपल्याच रक्षकांचे साहाय्य विषाणूला होते, ही दुर्दैवाची गोष्ट. बाहेरच्या आवरणात पहारा देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी विषाणूला पकडतात आणि कर्तव्य म्हणून लसिकाग्रंथीत नेतात. तेथे साहाय्यक पेशींची गर्दी असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली दाखविले, की या पेशींच्या पृष्ठभागावरील एका रेणूला धरून विषाणू सुरक्षित राहतो आणि टी-पेशींपर्यंत पोहोचतो. चोराला ठाण्यात नेताना त्याला तिजोरीच्याच खोलीत नेऊन सोडावे, असे हे झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. विषाणू शरीरात येण्याचे मार्ग मोजके आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त किंवा सुई, आणि बाधित मातेकडून बाळाला गर्भात, प्रसूतीत वा स्तन्यातून. एका कपाने चहा प्याल्याने, शेजारी बसून जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने ही बाधा होत नाही.

पहिले काही आठवडे

संसर्गानंतरच्या पहिल्या दोन-चार आठवड्यांत काहींना ताप, अंगदुखी, पुरळ येते आणि जाते. अनेकांना काहीच जाणवत नाही. आत मात्र मोठी घडामोड चाललेली असते. आपल्या साहाय्यक स्मृती-पेशींचा फार मोठा साठा रक्तात नसून आतड्याच्या आवरणात असतो. त्यांतील बहुसंख्य या पहिल्या आठवड्यांतच नष्ट होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून समजले. आतड्याची भिंत दुबळी झाली की तेथील जीवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात आणि संरक्षण व्यवस्था सतत उत्तेजित राहते. याचा परिणाम पुढे पाहू.

याच वेळी मारक सीडी-८ पेशी मैदानात उतरतात. पेशीच्या आत काय तयार होत आहे त्याचे लहान तुकडे प्रत्येक पेशी बाहेर मांडून ठेवते, जसे आपण दुकानाच्या दर्शनी भागात आतल्या मालाचे नमुने लावतो. मारक पेशी हे नमुने पाहत फिरतात. विषाणूचा तुकडा दिसला की त्या पेशीला मारतात. त्यांची संख्या वाढू लागली की रक्तातील विषाणू झपाट्याने उतरतो. या पेशींमध्ये विषाणूला रोखण्याची शक्ती आहे, हे सॅन फ्रान्सिस्को येथील जे लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ सालीच प्रयोगशाळेत दाखविले होते. १९९९ साली माकडांवरील प्रयोगांत सीडी-८ पेशी तात्पुरत्या काढून टाकल्या, तर त्याच प्रकारचा विषाणू भराभर वाढला. त्या पेशी परतल्या तसा तो पुन्हा खाली आला. प्राण्यांवरील प्रयोगांचा उल्लेख करताना मन जड होते, पण जे ज्ञात झाले ते सांगणे प्राप्त आहे.

काही महिन्यांनी विषाणूचे प्रमाण एका पातळीवर स्थिरावते. प्रत्येक व्यक्तीत ही पातळी वेगळी. जॉन मेलर्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखविले, की ही पातळी जितकी वर, तितका रोग वेगाने वाढतो. म्हणजे पुढच्या अनेक वर्षांचा अंदाज पहिल्या काही महिन्यांतील झुंजीतून येतो.

शांत दिसणारी वर्षे

उपचार न घेतल्यास संसर्गापासून एड्सपर्यंत सरासरी दहा वर्षे जातात. या काळात माणूस बहुधा निरोगी दिसतो. विषाणू झोपला आहे, असाच पूर्वी समज होता. १९९५ व १९९६ साली डेव्हिड हो, जॉर्ज शॉ, अ‍ॅलन पेरेल्सन आदींनी केलेल्या मोजणीने तो खोटा ठरविला. शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होत होते आणि जवळजवळ तेवढेच नष्ट होत होते. बाधित होऊन विषाणू निर्माण करणारी पेशी दोन-अडीच दिवसांत मरत होती आणि तिच्या जागी नवी पेशी येत होती. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात म्हणून पेढी सुस्थितीत आहे असे वाटावे, आणि प्रत्यक्षात भांडवल मोडून खर्च चाललेला असावा, अशी ही स्थिती.

या घाईत विषाणू नक्कल करताना असंख्य चुका करतो. त्या चुकांमुळे त्याचे रूप बदलते आणि काल ओळखू येणारा नमुना आज मारक पेशींना ओळखू येत नाही. वर्षानुवर्षे लढून मारक पेशी थकतात, हे शब्दशः खरे आहे. त्यांच्या पृष्ठभागावर थकव्याची खूण वाढलेली आढळते, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. शिवाय त्यांना बळ देणाऱ्या साहाय्यक पेशी घटत चाललेल्या असतात.

आणखी एक बाब मला विशेष विचारात पाडणारी वाटली. मरणाऱ्या साहाय्यक पेशींपैकी फारच थोड्यांत विषाणूची पूर्ण वाढ झालेली असते. सॅन फ्रान्सिस्कोतील वॉर्नर ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली दाखविले, की लसिका ऊतींमध्ये मरणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशींत विषाणूचा प्रवेश अर्धवट राहिलेला असतो. धोक्याची जाणीव होताच पेशी स्वतःला फोडून घेते आणि फुटताना दाह निर्माण करणारी द्रव्ये बाहेर टाकते. त्या दाहामुळे नव्या पेशी तेथे ओढल्या जातात आणि त्याही त्याच मार्गाने जातात.

पश्चिम आफ्रिकेत सूटी मँगाबी नावाची माकडे आहेत. त्यांच्या रक्तातही याच कुळातील विषाणू मोठ्या प्रमाणात असतो, पण ती सहसा आजारी पडत नाहीत. सुरुवातीच्या उद्रेकानंतर त्यांची संरक्षण व्यवस्था शांत होते. ती वर्षानुवर्षे पेटलेली राहत नाही. माणसाच्या शरीरात मात्र ही आग विझत नाही. हानी विषाणूने होते हे खरे, परंतु आपल्याच व्यवस्थेच्या अखंड प्रक्षोभानेही ती होते.

सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मग एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही घातक ठरतात. आपल्या देशात असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात क्षयाचा जंतू सुप्तावस्थेत असतो. भक्षक पेशींनी तो कोंडून ठेवलेला असतो आणि त्या कोंडीला साहाय्यक पेशींचा आधार असतो. तो आधार गेला की जंतू मोकळा होतो. आमच्या पेढीवरील त्या तरुणाचे असेच झाले.

सर्वांची वाट सारखी नसते

एकाच विषाणूने कोणी तीन वर्षांत जातो, तर कोणी उपचाराविना वीस वर्षे निरोगी राहतो. असे का? शंभरात एकाहूनही कमी बाधितांमध्ये औषधाशिवाय विषाणू जवळजवळ सापडतच नाही. बॉस्टनच्या ब्रूस वॉकर यांच्यासारख्या संशोधकांनी अशा व्यक्तींचा जगभर शोध घेतला. त्यांच्यापैकी अनेकांमध्ये बी-५७ किंवा बी-२७ या नावाची जनुके आढळली. ही जनुके म्हणजे पेशीबाहेर नमुने टांगण्याच्या खुंट्या ठरवणारी जनुके. या विशिष्ट खुंट्यांवर विषाणूचे असे भाग टांगले जातात, की जे बदलले तर विषाणू स्वतःच पंगू होतो. रूप पालटून निसटण्याची वाट तेथे बंद होते.

न्यूयॉर्कचे चित्रकार स्टीफन क्रोन यांचे उदाहरण याहून निराळे. त्यांचे अनेक निकटवर्ती या रोगाने गेले. ते स्वतः मात्र बाधित झाले नाहीत. त्यांच्या रक्तातील पेशींवर प्रयोगशाळेत विषाणू सोडला, तरी तो आत शिरेना. १९९६ साली कारण सापडले. सीसीआर-५ च्या जनुकातील ३२ अक्षरे माता-पिता या दोघांकडून आलेल्या प्रतींत गळालेली होती. दुसरे कुलूपच दारावर नव्हते, त्यामुळे ते उघडून आत येण्याची सोयही नव्हती. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे एकाला हे लाभते. आपल्याकडे ते अतिशय दुर्मीळ आहे.

या शोधाचा उपयोग बर्लिनमध्ये झाला. तेथे राहणारे अमेरिकन गृहस्थ टिमोथी रे ब्राउन यांना एचआयव्हीसोबत रक्ताचा कर्करोग झाला. डॉ. गेरो ह्यूटर यांनी असा दाता शोधला, की ज्याच्या दोन्ही प्रतींत हा बदल होता, आणि २००७ साली त्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण केले. कर्करोग उलटल्याने २००८ मध्ये ते पुन्हा करावे लागले. एचआयव्ही मात्र परतला नाही. २०२० साली ब्राउन यांचे निधन झाले ते कर्करोगाने. त्यानंतर अशी आणखी मोजकी उदाहरणे झाली. परंतु हे प्रत्यारोपण स्वतःच जिवावर बेतणारे असते. कर्करोगासारखे दुसरे कारण असल्याशिवाय ते कोणी करीत नाही. कोट्यवधींसाठी हा मार्ग नव्हे.

निद्रिस्त पेशी

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. १९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि मृत्युशय्येवरील माणसे उठून बसली. औषधांनी नव्या पेशींत होणारा प्रवेश थांबला, बाधित पेशी मरून गेल्या, रक्तात विषाणू दिसेनासा झाला. दोन-तीन वर्षांत शरीर पूर्ण शुद्ध होईल, अशी आशा तेव्हा काही शास्त्रज्ञांनी बाळगली.

१९९७ साली तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ती आशा मावळवली. उपचार घेणाऱ्यांच्या विश्रांत सीडी-४ पेशी त्यांनी जाग्या करून पाहिल्या, तर त्यांतून विषाणू बाहेर आला. या बहुशः स्मृती-पेशी होत्या. लढाईच्या धामधुमीत बाधा झालेली एखादी पेशी मरण्यापूर्वीच विश्रांतीत जाते. तिच्या डीएनएमध्ये ती खोटी नोंद असते, पण पेशी निद्रिस्त असल्याने नोंदही मुकी राहते. नमुना बाहेर टांगला जात नाही, म्हणून मारक पेशींना ती दिसत नाही. विषाणूची निर्मिती चाललेली नसते, म्हणून औषधालाही तेथे काही करता येत नाही. अशा पेशी दहा लाख विश्रांत पेशींमागे साधारण एक. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या प्रयोगशाळेच्या मोजणीनुसार हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या गतीने तो संपायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागेल. दीर्घायुष्यासाठी, गतानुभव जपण्यासाठी निसर्गाने जी पेशी घडविली, तिच्याच दीर्घायुष्यात विषाणूने आश्रय घेतला.

औषध थांबविले की काय होते? यांतील एखादी पेशी केव्हातरी जागी होते. बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा दिसू लागतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बालिकेवर जन्मानंतर तीस तासांत उपचार सुरू झाले आणि अठरा महिन्यांच्या सुमारास ते थांबले. सत्तावीस महिने विषाणू सापडला नाही; जगाने ती बरी झाली असे मानले. २०१४ साली तो परतला.

औषध अधूनमधून थांबवून चालेल का, हे पाहण्यासाठी ‘स्मार्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. ३३ देशांतील ५४७२ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. सीडी-४ पेशी ३५० च्या वर असताना ज्यांचे औषध थांबविले, त्यांच्यात गंभीर आजार व मृत्यू दुपटीहून अधिक झाले. २००६ साली ती पद्धत बंद करावी लागली. उलट २०१५ सालच्या ‘स्टार्ट’ चाचणीत, पेशी ५०० च्या वर असतानाच ज्यांनी औषध सुरू केले, त्यांच्यात गंभीर आजारांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. निष्कर्ष सरळ आहे: निदान होताच औषध सुरू करावे आणि ते कधीही थांबवू नये. ‘मला आता काही होत नाही’ हा औषध सुरू ठेवण्याचा पुरावा आहे, थांबविण्याचा नव्हे.

तो तरुण अडाणी होता म्हणून गेला नाही. त्याच्या शरीरातील निद्रिस्त पेशींचा हिशेब त्याला कोणी समजावून दिला नव्हता, आणि जो समजून घेऊ शकला असता त्या मालकाने त्याला चारचौघांत जाब विचारला होता.

आपले कर्तव्य

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासनातर्फे ही औषधे मोफत मिळू लागली. आरंभी पेशी २०० च्या खाली गेल्यावरच औषध देत. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकास, पेशी कितीही असोत, ते मिळते. आपल्या देशात सुमारे २५ लाख लोक या बाधेसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा, दुसऱ्या वस्तीतला, असे समजण्याचे कारण नाही.

नियमित औषधाचा लाभ केवळ रुग्णाला होतो असेही नाही. १७६३ जोडप्यांच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तीत पुणे आणि चेन्नई येथील केंद्रेही होती. लवकर औषध घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी बाधा ९६ टक्क्यांनी घटली. आज वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते, की औषधाने ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही व तसाच राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून बाधा होत नाही. लग्न, संतती, नोकरी, दीर्घायुष्य हे सर्व त्याला शक्य आहे. लस मात्र अद्याप नाही. सतत रूप पालटणाऱ्या शत्रूविरुद्ध पेशींना काय शिकवावे, हा पेच अजून सुटलेला नाही.

२०१७ सालचा एचआयव्हीविषयक कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार बाधेच्या कारणावरून नोकरीतून काढणे, उपचार वा शिक्षण नाकारणे, संमतीवाचून कोणाची माहिती उघड करणे हे निषिद्ध आहे. शासकीय रुग्णालयांत तपासणी गुप्तपणे व विनामूल्य होते. १०९७ या क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते.

कायदा सरकारने केला. त्याचे पालन दुकानाच्या गादीवर, कारखान्याच्या फाटकावर आणि घराच्या उंबरठ्यावर व्हायचे आहे. या सभागृहात अनेक व्यापारी बंधू आहेत. आपल्याकडे कामाला असलेल्या माणसाने महिन्यातून अर्धा दिवस दवाखान्यासाठी मागितला, तर तो द्यावा आणि कारण विचारू नये. विचारायचेच असेल तर एकांतात, आणि त्याने न सांगितल्यास आग्रह धरू नये. आमच्या पेढीवर गेली पंधरा वर्षे हा नियम आहे. त्या अर्ध्या दिवसाने व्यवसायाचे काही नुकसान झाल्याचे माझ्या ताळेबंदात कधी दिसले नाही.

मला हा नियम सुचला तेव्हा ज्याच्यासाठी तो हवा होता, तो माणूस हयात नव्हता. त्याची पत्नी तपासणीत निर्दोष निघाली. मुलगी गेल्या वर्षी पदवीधर झाली. तिच्या शिक्षणाला आम्ही थोडाफार हातभार लावला, पण त्याने जुनी बाकी फिटली असे मी मानत नाही. काही खाती शिल्लक दाखवूनच पुढे न्यावी लागतात.